बेसिनची गंजलेली कपलिंग काढताना

पान्याने जोर लावू नका, एवढं आधी ऐका. कपलिंग म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारी, पाणी खालच्या पाईपात सोडणारी जाळीची नळी. ती खालून नटाने आवळलेली असते. बेसिन चिनी मातीचं असतं. नट सुटायच्या आधी तेच तडकतं. माझं एक असंच गेलंय, तेही भाड्याच्या घरातलं.

खाली बादली ठेवा, वेस्ट पाईप सोडवा. नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. सकाळी वरच्या जाळीत पक्कडीचे दोन्ही दांडे घालून कपलिंग घट्ट धरायची, कारण ती फिरत राहिली तर नट सुटतच नाही. मग खालून पाईप पाना. तरीही हलत नसेल तर हॅकसॉचं नुसतं ब्लेड घ्या, टोकाला कापड गुंडाळा आणि नट उभा चिरा. आट्यांपर्यंत चीर पोचली की त्यात स्क्रूड्रायव्हर घालून पिळा, नट फाकतो. वेळ लागतो, पण बेसिन वाचतं.

दुकानात ३२ मिमीची पितळी कपलिंग मागा. बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक (जास्तीचं पाणी जायला वरच्या बाजूला असतं ते) असेल तर हाफ थ्रेड, म्हणजे फक्त खालच्या भागाला आटे असलेली, नसेल तर फुल थ्रेड, म्हणजे पूर्ण लांबीला आटे असलेली. इथे चूक झाली तर ओव्हरफ्लोचं पाणी अडतं.

जुना पांढरा सिमेंट खरवडून जागा कोरडी करा. पुन्हा सिमेंट भरू नका, पुढच्या वेळी तोच रडवतो. वरच्या कडेखाली सिलिकॉन, खालून रबर वॉशर, मग नट हाताने आणि शेवटी पाऊण फेरा पान्याने. सिलिकॉन चोवीस तास सुकू द्या. मग बेसिन भरून सोडा आणि नटाखालून कोरडा टिश्यू फिरवून बघा.