जंगलातले लाजाळू पक्षी कॅमेरा उचलायच्या आत उडून जातात. 600 मिमीची लेन्स घेतली तर फरक पडेल का?

पडेल, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही. दाट झाडीत मध्ये पानं-फांद्याच इतक्या येतात की लांबून कितीही मोठी लेन्स लावा, हिरवा धूसर पडदाच मिळतो. अंतर कमी व्हायला हवं, आणि ते पक्ष्यानं आपणहून केलं तरच.

नवरंग पक्ष्याचं बघा. तो जमिनीवर पाचोळा उलटवत किडे शोधतो. मागे लागलात तर टुणटुण उड्या मारत झुडपात गडप. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी त्याची शीळ कुठून येते ते हेरून ठेवा आणि पहाटे, उजाडायच्या आधी, तिथे बुंध्याला टेकून बसा. कॅमेरा सुरू करून गुडघ्यावर, डोळ्याजवळ हवा. कपड्यांच्या रंगापेक्षा हालचाल घात करते. डास चावला तरी हात हलवायचा नाही (हा सगळ्यात अवघड भाग). किडे टिपणाऱ्या पक्ष्यांचा मिश्र थवा दिसला तर मागे धावू नका. त्याची दिशा बघून, वळसा घालून पुढे जाऊन थांबा.

सेटिंगचं म्हणाल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) 3200 ते 6400, शटर 1/200 सेकंदाच्या आसपास. फोटोत दिसणारे दाणे (ग्रेन) नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. पक्षी मधूनच एकदम स्तब्ध होतो, तेव्हा आधार पक्का असेल तर 1/100 लाही चालून जातं; म्हणून चार-पाच फोटोंचा बर्स्ट मारा (एका दमात सलग काढा), त्यातला एखादा तरी नेमका त्या क्षणी सापडेल. फोकस सिंगल पॉइंटवर (एकाच ठरवलेल्या बिंदूवर), नाहीतर कॅमेरा पुढची काडीच पकडतो. मागे अंधार असला की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि स्वर्गीय नर्तकाच्या पांढऱ्या नराचे सगळे तपशील जळून जातात, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप खाली (म्हणजे प्रकाश निम्मा) घ्या. सायलेंट शटर असेल तर जरूर वापरा.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं मला अजिबात पटत नाही. हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. विणीच्या दिवसांत तर हे नकोच. घरटं दिसलं तर तिथून निघा. फोटोसाठी आडोशाच्या फांद्या बाजूला केल्या की पिल्लं ऊन आणि शिकारी दोघांनाही उघडी पडतात.

तुमच्याकडे 400 मिमी असेल तर सध्या तीच वापरा. खर्च करायचाच असेल तर बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) आणि अंगावर घ्यायला कॅमोफ्लाज जाळी आधी घ्या.