लहानपणी सोडलेलं वॉरहॅमर पुन्हा सुरू करायचंय; कोणती फौज घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की शाळेत असताना वडिलांच्या नोकरीमुळे लेस्टरला राहायचात, तेव्हाचे स्पेस मरीन (वॉरहॅमर या छोटे शिपाई रंगवून टेबलावर मांडायच्या युद्धखेळातले चिलखती अंतराळसैनिक) अजून एका डब्यात पडून आहेत. आता स्वतःच्या नोकरीसाठी पुन्हा इंग्लंडात आलात, घरी लहान मुलगी आहे, वेळ कमी आहे. जुनेच शिपाई घेऊन पुढे जावं की नवी फौज उभी करावी, आणि सध्या सगळ्यात जास्त जिंकणारी फौज कोणती, असा तुमचा प्रश्न आहे.

शेवटचा भाग आधी घेते. जिंकणारी फौज बघून पैसे घालू नका. वॉरहॅमर ४०,००० च्या नियमांची आठवी आवृत्ती २०१७ साली आली, नववी २०२० मध्ये, दहावी २०२३ मध्ये. दर वेळी कुणाचं तरी पारडं जड होतं, कुणाचं हलकं, आणि मधल्या काळातही शिपायांच्या ताकदीप्रमाणे ठरलेले पॉइंट्स बदलत राहतात. तुम्ही रंगवणार ते मुलगी झोपल्यावर, तासभर. एक शिपाई मनासारखा व्हायला दोन-तीन तास सहज जातात. आज भारी असलेली फौज तुमची रंगवून होईपर्यंत भारी राहील याची काही खात्री नाही. त्यामुळे जे शिपाई रोज रात्री हातात घ्यावेसे वाटतील, तेच घ्या.

दुसरं म्हणजे डोकी मोजा. दोन हजार पॉइंट्सच्या पूर्ण खेळाला ऑर्क किंवा इम्पीरियल गार्ड घेतलेत तर आकडा शंभराच्या घरात जातो. कस्टोडीज घेतलेत तर वीस-तीस शिपायांत भागतं, आणि इम्पीरियल नाइट्स म्हणजे तर मोजून चार-सहा अवाढव्य यंत्रं. कमी डोकी म्हणजे कमी काम असंही सरसकट नसतं, कारण नाइटच्या प्रत्येक पत्र्याच्या कडेवरून बारीक रेघ ओढावी लागते. पण लहान मूल असलेल्या घरात संपण्याची शक्यता असलेली फौज घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन. लवकर टेबलावर यायचं असेल तर नेक्रॉन, म्हणजे धातूच्या सांगाड्यांची फौज, बघा: गडद धातूच्या रंगाचा स्प्रे, वर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), वाळल्यावर कडांवर चंदेरी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात) आणि डोळ्यांत हिरवा. तेवढ्यावर ते छान दिसतात.

आता डब्यातले मरीन. ते टाकून देऊ नका. २०१७ नंतरचे मरीन उंचीने मोठे आहेत आणि ३२ मिलिमीटरच्या बेसवर (पायाखालच्या चकतीवर) येतात, तुमचे बुटके आणि २५ च्या बेसवर असतील. मित्रांमधल्या खेळात याला कुणी हरकत घेत नाही, वाटलं तर बेस बदलून घ्या. लहानपणी चढवलेले जाड थर मात्र काढा. त्यासाठी इथले जुने खेळाडू जे वापरतात ते तुमच्या ओळखीचंच आहे: आपलं नेहमीचं तपकिरी डेटॉल. काचेच्या बरणीत शिपाई ठेवायचे, पाणी न घालता डेटॉल ओतायचं आणि झाकण लावून एक दिवस मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायचं. मग हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून जुन्या टूथब्रशने घासायचं. घासताना पाणी अजिबात लागू द्यायचं नाही. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट राडा होतो आणि तो पुन्हा शिपायाच्या सांध्यांत जाऊन बसतो. ब्रशसुद्धा डेटॉलमध्येच बुडवायचा. सगळा रंग निघाला की मगच भांड्यांचा साबण आणि पाणी. जुने धातूचे शिपाई यातून असे निघतात की चिलखताचा एकेक खिळा दिसतो.

त्यातले पाच पूर्ण करा, बेससकट. हे पाच होईपर्यंत काही विकत घेऊ नका. तुम्हाला चिलखत रंगवायला आवडतं की कापड, की चेहरे, हे त्या पाचांत कळेल, आणि फौज निवडायला मला तरी याहून चांगली कसोटी माहीत नाही.

दरम्यान जवळच्या क्लबात एक संध्याकाळ नुसतं बघायला जा. इथे बहुतेक गावांत आठवड्यातून एकदा एखाद्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात. तिथे कोण काय खेळतं हे न बघता फौज घेतली तर ती कपाटातच राहते. कधी नॉटिंगहॅमला या. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथेच आहे, शेजारीच वॉरहॅमर वर्ल्डमधलं प्रदर्शन. या खेळांच्या इतक्या कंपन्या त्या भागात आहेत की जुन्या शिशाच्या शिपायांवरून त्याला ‘लेड बेल्ट’ म्हणतात.

आणि तिथेच तुम्हाला कदाचित माझ्यासारखा दुसरा रस्ता दिसेल. मीही परत आले ती वॉरहॅमरसाठी, पण माझी आवडती फौज आज बोल्ट अॅक्शनची आहे. हा दुसऱ्या महायुद्धाचा खेळ, २८ मिलिमीटरचेच शिपाई. एक हजार पॉइंट्सला तीस-चाळीस डोकी पुरतात. प्रत्येक तुकडीचा एक फासा पिशवीत टाकतात आणि एकेक काढत जातात. ज्याच्या रंगाचा फासा निघेल त्याने एक तुकडी हलवायची. वॉरहॅमरमध्ये समोरच्याची अख्खी फौज हलून होईपर्यंत तुमची पाळी येत नाही. इथे तसं थांबावं लागत नाही, दोघेही सतत खेळात असतात.

माझी फौज आहे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, इटली, एप्रिल १९४५. ९ एप्रिलला आठव्या भारतीय डिव्हिजनने सेनिओ नदी ओलांडली. दोन्ही बाजूंना पुराचे उंच बांध, त्यांत खोदलेल्या जर्मन मशीनगन, काठावर सुरुंग. अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई होते. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेलं. मग परत जाऊन मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने हल्ला केला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले, आणखी दोन ठाणी गप्प केली, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ही माणसं रंगवायची तर ब्रिटिश पद्धतीच्या गणवेशातले, हेल्मेट घातलेले शिपाई चालतात. मेहनत आहे ती चेहऱ्याची. बाजारातल्या बहुतेक सूचना गोऱ्या कातडीसाठी लिहिलेल्या असतात, त्याप्रमाणे उजळ भागाला पांढरा मिसळला की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. मी गडद तपकिरीने सुरुवात करते, गालाची हाडं, नाक आणि बोटांच्या पेरांवर मध्यम तपकिरी देते, आणि सगळ्यात वर थोडा नारिंगीकडे झुकणारा तपकिरी, अगदी पातळ करून. नाकाच्या शेंड्यावर तो टिपका पडला की शिपाई ओळखीचा वाटायला लागतो, आपल्याकडच्या एस्टी स्टँडवर भेटेल असा. एका बाहीवर मी डिव्हिजनचं चिन्हही काढलंय, लाल चौकोनात क्लोव्हरची तीन पिवळी फुलं. चौकोन तांदळाच्या दाण्याहून लहान, त्यामुळे फुलं म्हणजे तीन ठिपकेच, पण मला ती दिसतात.

तुम्हाला अंतराळातलंच युद्ध हवं असेल तर ते जरूर घ्या, ती ओढ खरी असते आणि तुमचे मरीन तयारच आहेत. फक्त एक सांभाळा: प्रायमरचा (रंगाआधी द्यायच्या थराचा) स्प्रे दमट किंवा पावसाळी दिवशी मारू नका. पृष्ठभाग खरखरीत होतो आणि वर कितीही चांगला रंग दिला तरी ते झाकलं जात नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात असा कोरडा दिवस मिळणं कठीण, म्हणून ब्रशने लावायचा प्रायमर आणून ठेवा.

कुठल्या शहरात आहात ते लिहिलं नाहीत. मिडलंड्समध्ये असाल तर कळवा, एखाद्या रविवारी सेनिओचा काठ मांडते. मराठे तुम्ही घ्या, बांधावरचे जर्मन मी घेते.