विषाणूचे प्रथिन आणि विषाणू यांत फरक आहे

प्रश्न : माझी मुलगी लातूरला जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. गोचिडांमुळे पसरणाऱ्या काँगो तापाच्या विषाणूचे प्रथिन बनविण्याचा प्रकल्प तिला मिळाला आहे. हा आजार रक्तस्राव होऊन जीव घेतो, असे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. तिने प्रकल्प सोडावा काय?
— एक आई, उदगीर तालुका

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे, कारण या तापात शंभरातील दहा ते चाळीस रुग्ण दगावतात. २०११ च्या जानेवारीत गुजरातमधील साणंद भागात हा रोग भारतात प्रथम निश्चित झाला, तेव्हा पहिल्या रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही मरण पावले. मात्र आपली मुलगी तो विषाणू हाताळणार नाही. जिवंत विषाणू वाढविण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील चौथ्या, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेसारख्या कडेकोट जागीच होते.

या विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन तुकड्यांत असते. लहान तुकड्यात न्यूक्लिओप्रोटीन या एकाच मुख्य प्रथिनाची कृती असते. तेवढा मजकूर कृत्रिमरीत्या तयार करून ई. कोलाय या जिवाणूच्या निरुपद्रवी वाणात घालतात. जिवाणू वाढताना ते प्रथिन बनवतो, आणि मग पेशी फोडून ते गाळून घेतात. यालाच पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. त्यात विषाणूचा आरएनए नसतो, त्याच्या प्रती काढणारे विकर (एन्झाइम) नसते आणि पेशीत शिरण्यासाठी लागणारे आवरणही नसते. जात्याचा नुसता खुंटा हाती आला म्हणून दळण होत नाही, तसेच हे आहे.

मुलीने भीतीपेक्षा अधिक लक्ष प्रथिनाच्या शुद्धतेकडे आणि घडणीकडे द्यावे, असे मला मनापासून वाटते. न्यूक्लिओप्रोटीनचा स्वभावच आरएनएला चिकटण्याचा असल्यामुळे जिवाणूचा आरएनए त्याच्याबरोबर येतो. तो काढला नाही, तर पुढची मोजमापे फसवी ठरतात. शिवाय ई. कोलायविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी शरीराने बनवलेली प्रथिने, आपल्या बहुतेकांच्या रक्तात आधीच असतात, म्हणून जिवाणूचे अंश राहिलेल्या प्रथिनावर निरोगी माणसाचे रक्तही बाधित असल्यासारखे दिसू शकते. विषाणूचे प्रथिन नसलेल्या, पण त्याच रीतीने काढलेल्या जिवाणूच्या अर्कावर तेच रक्तनमुने तपासून पाहावेत. हा टप्पा घाईत वगळला जातो, आणि वगळू नये.

रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा चाचणीसाठी न्यूक्लिओप्रोटीन उत्तम आहे. विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखणारी प्रतिपिंडे तपासायची असतील, तर मात्र आवरणावरील जीसी हे प्रथिन लागते. ते मध्यम तुकड्यातून येते, त्यावर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्याची घडी गुंतागुंतीची असते. ई. कोलायला या साखळ्या जोडता येत नाहीत, आणि असे प्रथिन त्यात बहुधा चुकीच्या घडीचे गोळे होऊन बसते. त्यासाठी कीटकांच्या किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशी वापराव्या लागतात. आपल्या प्रकल्पात यांपैकी कोणते प्रथिन आहे, हे मुलीने मार्गदर्शकांना पहिल्याच दिवशी विचारावे.

प्रश्न : आमच्या एका उस्मानाबादी शेळीच्या रक्तात काँगो तापाची प्रतिपिंडे सापडली. ती विकावी काय?
— एक पशुपालक, परभणी जिल्हा

उत्तर : विकू नये. प्रतिपिंडे सापडणे म्हणजे शेळीला पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेला. जनावर या विषाणूने सहसा आजारी दिसत नाही आणि विषाणू त्याच्या रक्तात साधारण आठवडाभरच राहतो. प्रतिपिंडे मात्र दीर्घकाळ टिकतात. त्या निकालाचा खरा अर्थ असा, की आपल्या गोठ्याभोवती विषाणू वाहणारे गोचीड फिरून गेले आहेत. आपल्याकडे हायलोमा वंशाचे, पायांवर पट्टे असलेले गोचीड याचे मुख्य वाहक आहेत. गोचीड उपटून दगडावर किंवा नखाने चिरडण्याची सवय आजच सोडावी, कारण त्यातील विषाणू बोटाच्या चिरेतून शरीरात जाऊ शकतो. अंगाला गोचीड चिकटला असेल, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. जनावरांसाठी गोचीडनाशक औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच वापरावे, आणि कापलेल्या जनावराचे ताजे रक्त उघड्या हातांनी हाताळू नये.