सिमपायमध्ये मर्यादित व्हीलचेअर आणि त्या ठेवण्याच्या जागा कशा दाखवाव्यात?

रुग्णालयातील ८ व्हीलचेअर कॅज्युअल्टी आणि ओपीडी अशा दोन ठिकाणी ठेवलेल्या असतात, तर सिमपायमध्ये (प्रत्यक्ष कामकाजाची संगणकावर नक्कल, म्हणजे सिम्युलेशन, करण्याची पायथन भाषेतील लायब्ररी) त्यांच्यासाठी ‘रिसोर्स’ची (मर्यादित संख्येतील साधन) क्षमता ८ देणे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते पुरेसे नाही. ‘रिसोर्स’ फक्त मोजदाद ठेवतो. कोणती खुर्ची कुठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ‘कंटेनर’ही इथे चालणार नाही, कारण तो डिझेल किंवा पाण्यासारख्या, नग वेगळे ओळखावे न लागणाऱ्या साठ्यासाठी आहे.

प्रत्यक्ष वस्तू ‘स्टोअर’मध्ये ठेवता येतात, म्हणून प्रत्येक जागेसाठी एक स्टोअर करावे. वॉर्डबॉयला ‘रिसोर्स’ म्हणून ठेवले तरी चालेल. मात्र रुग्णाला वॉर्डात सोडल्यावर खुर्ची आपोआप जागेवर येत नाही. कोणी मोकळे होऊन ती आणेपर्यंत ती तिथेच पडून राहते. त्यामुळे वॉर्डाचेही एक स्टोअर करावे आणि परतीची फेरी ही वॉर्डबॉयचा वेळ खाणारी स्वतंत्र प्रक्रिया म्हणून लिहावी, असा माझा आग्रह आहे. (एनीलॉजिक या दुसऱ्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये स्थिर, स्वतः हलणारी आणि दुसऱ्याने न्यावी लागणारी असे संसाधनांचे तीन प्रकार तयार मिळतात; सिमपायमध्ये हा भेद आपणच लिहायचा असतो.)

‘जिथे आधी मिळेल तिथून घ्या’ असे लिहिताना विशेष काळजी घ्यावी. दोन्ही स्टोअरकडे एकदम ‘गेट’ (वस्तू काढून घेण्याची मागणी) नोंदवून त्यांपैकी एकाची वाट पाहिली, तर पुरी न झालेली दुसरी मागणी रांगेत तशीच राहते आणि पुढे आलेली एक खुर्ची कोणाच्याही उपयोगी न पडता गिळून टाकते. ती मागणी ‘कॅन्सल’ (रद्द) करावीच लागते. दोन्हीकडे खुर्च्या असतील, तर दोन्ही मागण्या तत्काळ पुऱ्या होतात आणि जास्तीची खुर्ची ‘पुट’ करून परत ठेवावी लागते. म्हणून आधी जवळच्या स्टोअरमध्ये खुर्ची आहे का ते पाहावे, मग लांबच्या, आणि दोन्ही रिकामी असतील तरच दोन्हीकडे मागणी नोंदवावी.

एकच ‘फिल्टरस्टोअर’ (अटीनुसार वस्तू निवडून घेता येणारे स्टोअर) घेऊन जागा हा खुर्चीचा गुणधर्म करणेही शक्य आहे. तेव्हा आत असलेल्या खुर्चीची जागा नुसती बदलू नये, कारण थांबलेल्या मागण्या ‘पुट’ किंवा ‘गेट’ झाल्यावरच पुन्हा तपासल्या जातात. खुर्ची बाहेर काढून, जागा बदलून, परत आत ठेवावी.

निकाल नोंदवताना ‘सर्व खुर्च्या वापरात’ असल्यामुळे आणि ‘खुर्ची मोकळी, पण दुसरीकडे’ असल्यामुळे झालेला खोळंबा वेगवेगळा मोजावा. पहिल्यावर नवीन खुर्च्या हा उपाय असतो, तर दुसऱ्यावर वॉर्डबॉयच्या परतीच्या फेऱ्या वाढवणे हा.