उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, मग निवडणुकीत एवढा पैसा येतो कुठून?

मर्यादा फक्त उमेदवाराला आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाने किती उधळावेत याला बंधनच नाही. गंमत म्हणजे १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरला होता. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ बदललं, पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळला आणि पळवाट कायदेशीर झाली! सुधारणा करायची तर माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी.

नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी देण्याची सोय असलेले निवडणूक रोखे २०२४ मध्ये रद्द झाले, बरं झालं. पण २० हजारांपर्यंत देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाला आजही निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही. मोठी रक्कम तुकड्यातुकड्यांत दाखवली की काम झालं.