ऑप्शन फॉर्म भरण्यापूर्वी

जालना

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे वडील परवा बियाणे घेण्यासाठी मोंढ्यात आले होते आणि परत जाताना माझ्याकडे थांबले. त्यांच्या पिशवीत सोयाबीनच्या पावतीखाली अभियांत्रिकी प्रवेशाच्या गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या प्रिंट होत्या आणि त्यांतील काही आकड्यांभोवती लाल पेनाने गोल केलेले होते. सर्वांत ठळक गोल छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी कॉलेजातील कॉम्प्युटर शाखेच्या आकड्याभोवती होता. तुझे पर्सेंटाइल त्या आकड्यापेक्षा थोडे वर असल्याने, "सर, हे तर पक्कंच समजा," असे ते म्हणाले. मी चष्मा लावून पाहिले, तर गोल चुकीच्या रकान्यात होता.

त्या तक्त्यातील रकान्यांची नावे म्हणजे अक्षरांची गुंतवळ वाटते, पण ती सोडवता येते. पहिले अक्षर 'एल' असेल तर ती जागा मुलींसाठी राखीव असते आणि 'जी' असेल तर मुलगे-मुली दोघांसाठी असते. मधली अक्षरे प्रवर्ग सांगतात. शेवटचे अक्षर मात्र बहुतेक पालकांच्या नजरेतून सुटते. 'एच' म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थी, 'ओ' म्हणजे त्या क्षेत्राबाहेरचे आणि 'एस' म्हणजे संपूर्ण राज्यातून भरल्या जाणाऱ्या जागा. तुझे गाव जालना जिल्ह्यात असल्यामुळे वडिलांनी संभाजीनगरच्या कॉलेजचा 'एच' रकाना धरला. परंतु या कामासाठी आपले विद्यापीठ गावावरून नव्हे, तर बारावी जिथून उत्तीर्ण झालो त्या ठिकाणावरून ठरते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. तू अकरावी-बारावी लातूरला केलीस, म्हणजे प्रवेशाच्या हिशेबात तू नांदेडकडची झालीस. संभाजीनगरच्या त्या कॉलेजात तुला 'ओ' रकाना पाहायचा आहे आणि तेथील आकडा तुझ्या पर्सेंटाइलच्या वर आहे. उलट नांदेड आणि लातूरच्या ज्या कॉलेजांना आपण परके समजून पाने उलटली, त्यांचा 'एच' रकाना तुझा आहे. लातूरला शिकायला पाठवताना ही गोष्ट आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचे लक्ष गुणांवर असते.

आता ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजे कोणत्या क्रमाने लिहावीत त्याविषयी. "जे लागणार नाही ते वर कशाला टाकायचे, पहिला पर्याय वाया जातो," हा समज मी तीस वर्षे ऐकत आलो आहे आणि तो चुकीचा आहे. वरचा पर्याय मिळाला नाही तर यंत्रणा पुढच्या पर्यायाकडे जाते. वर मोठे नाव टाकल्याबद्दल खालच्या पर्यायावरील तुझा हक्क कमी होत नाही. त्यामुळे 1960 साली स्थापन झालेले संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नांदेडची 1981 सालची श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था तुला मनापासून हवी असतील, तर ती वरच लिही. धोका आहे तो उलट्या बाजूने. 2025 च्या प्रवेशांत पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाला की तो स्वीकारणे बंधनकारक होते, नाहीतर विद्यार्थी पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडत असे. म्हणून जिथे खरोखर जायचे नाही असे एकही नाव केवळ सुरक्षित म्हणून वरच्या ओळींत बसवू नकोस आणि यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच. सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरून दिला तरी प्रवेश तुझा होतो, त्याचा नाही.

यादी करण्याआधी त्यांतली निदान तीन कॉलेजे प्रत्यक्ष पाहावीत, असा माझा आग्रह आहे. माहितीपत्रकावर आणि चौकातल्या फ्लेक्सवर विश्वास ठेवल्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. माझ्या धाकट्या मुलासाठी मी, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असूनही, इमारत आणि बाग पाहून एक कॉलेज निवडले. दिवाळीनंतर त्याच्या वर्कशॉपमध्ये जाण्याचा योग आला, तेव्हा दोन लेथ मशीन कारखान्यातून आल्या तशा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या उभ्या होत्या. त्यांना विजेची जोडणीही दिलेली नव्हती. मुलाला तेथून काढायचे ठरवले, तर उरलेल्या सर्व वर्षांची फी भरल्याशिवाय टीसी मिळणार नाही असे सांगण्यात आले आणि ते प्रकरण निस्तरण्यात त्याचे वर्ष गेले.

तेव्हा कॉलेज पाहायला जाताना आधी फोन करू नये आणि तास चालू असतील असा आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. प्रथम ग्रंथालयात जावे. कपाटातून तुझ्या शाखेची चार-पाच पुस्तके काढून मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा असेल, तर ती पुस्तके तपासणी समितीसाठी आहेत, विद्यार्थ्यांसाठी नाहीत. (काही ठिकाणी आता सर्व नोंदी संगणकावर असतात, तेव्हा चिठ्ठी कोरी दिसली म्हणून लगेच दोष देऊ नये, वाचनकक्षात किती मुले बसली आहेत ते पाहावे.) प्रयोगशाळेत यंत्रांवर हात फिरवावा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे तू स्वतः जाऊन पाहा, कारण वडील ते विचारणार नाहीत आणि कोणी आपणहून सांगणार नाही. मग शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना कॅन्टीनमध्ये गाठून विचार की विभागात कायम प्राध्यापक किती आहेत आणि तासिका तत्त्वावर किती आहेत. तासिका तत्त्वावरचे कित्येक शिक्षक अतिशय तळमळीने शिकवतात, हे मी माझ्या सहकाऱ्यांवरून सांगतो. पण अत्यल्प मानधनावरचा माणूस सत्राच्या मध्ये दुसरीकडे गेला तर त्याला बोल लावता येत नाही, आणि अपुरा राहिलेला विषय विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. नोकरीच्या आकड्यांबाबत एकच प्रश्न विचार: सर्वांत मोठे पॅकेज किती हे नको, तुझ्या शाखेतल्या साठ जणांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला काय मिळाले ते सांगा, असे म्हण.

पैशांचा भाग तुझ्या वडिलांना वाचून दाखव. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच (कॅप) व्हावा लागतो. पुण्याहून ज्या गृहस्थाचे रोज फोन येत आहेत आणि जो व्यवस्थापन कोट्यातून "सीट अडवून ठेवतो" म्हणतो, त्याच्या जागेला ही सवलत नाही. म्हणजे तुम्ही त्याला पैसे द्याल आणि शासन जे भरणार होते तेही स्वतः भराल. शुल्काव्यतिरिक्त देणगी मागण्यास महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने बंदी आहे आणि प्रत्येक खासगी कॉलेजचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एजंटाच्या हाती मूळ गुणपत्रिका किंवा टीसी एक तासासाठीसुद्धा देऊ नये. जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी जात पडताळणी समितीचे आणि तहसीलचे हेलपाटे आजच सुरू करावेत.

पुण्याचा मोह मी समजू शकतो. निजामाच्या काळात आपल्या भागाला विद्यापीठ म्हटले की हैदराबादचे उस्मानिया, आणि तेथे शिकवणे उर्दूतून. 1950 साली डॉ. बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, 1958 साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तरी चांगले शिक्षण म्हणजे बाहेरगावचे ही आपली सवय काही गेली नाही. पुण्यातल्या पहिल्या फळीच्या कॉलेजात जागा मिळत असेल तर अवश्य जावे, मी स्वतः स्टेशनवर सोडायला येईन. पण केवळ पत्त्यात पुणे असावे म्हणून तिथल्या विसाव्या क्रमांकाच्या कॉलेजसाठी चार वर्षांची खोली, मेस आणि प्रवास यांचा बोजा घ्यावा का, हे कागदावर मांडून ठरवावे. त्याच बेरजेच्या शेजारी नांदेडची बेरीज लिहावी. मुलगी लांब नको म्हणून जवळचे कॉलेज, हे कारण मात्र मला मान्य नाही आणि तसे मी तुझ्या वडिलांना तोंडावर सांगितले आहे. वापसा आल्याशिवाय ते पेरणी करत नाहीत, शेजाऱ्याने केली म्हणूनही करत नाहीत; हाच सबुरीचा स्वभाव त्यांनी येथेही वापरावा, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.

पुढच्या बुधवारी मला नांदेडला काम आहे. तू आणि वडील जालना स्टेशनवर भेटलात तर आपण तिघे मिळून तेथील दोन कॉलेजे पाहू आणि गुरुवारी परतताना परभणीला उतरून कृषी विद्यापीठही पाहू, कारण कृषी अभियांत्रिकीचे नाव तुमच्या यादीत कुठेच नाही आणि बागाईतदाराच्या घरात ते नसावे याचे मला आश्चर्य वाटते. कागदपत्रांच्या फक्त झेरॉक्स आणाव्यात. कट-ऑफची ती पानेही आण, गाडीत बसून पुन्हा गोल करू. या वेळी पेन्सिलने.

तुझ्या वडिलांचे सर