गल्लीत बंब शिरत नाही, मग?

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमची गल्ली जेमतेम सहा फूट रुंद आहे. आग लागली तर बंब आत येणं शक्य नाही. मंडळातले आम्ही पंधरा जण स्वयंसेवक गट करणार आहोत. वर्गणीतून पंप आणि पाईप घ्यावा का?

पंप इतक्यात नको. भडकलेल्या घरात शिरणं हे श्वसनयंत्र लावलेल्या जवानांचं काम आहे. ज्वाळा पोचण्याआधी धूरच माणसाला पाडतो. तुमच्या हातात आहेत ती बंब येईपर्यंतची मिनिटं, आणि त्यांची तयारी आजच करायची आहे.

आधी टेप घेऊन गल्ली मोजा. बंबावरचा होज, म्हणजे पाण्याचा पाईप, ६३ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि १५ किंवा ३० मीटरच्या तुकड्यांत जोडत न्यावा लागतो. शेवटचं घर रस्त्यापासून ७० मीटरवर असेल तर १५ मीटरचे पाच तुकडे, दुसऱ्या मजल्यासाठी आणखी एक. १०१ वर फोन करणाऱ्यानं पत्ता आणि ठळक खूण सांगून झाल्यावर ‘बंब आत येत नाही, घर ७० मीटर आत, दुसरा मजला’ एवढं सांगितलं, की जवान उतरतानाच पुरेसा होज घेऊन धावतात.

मग घरोघरी जाऊन वहीत नोंद करा : मेन स्विच कुठे, सिलेंडर कुठे, अंथरुणाला खिळलेलं कोण, कोणत्या खिडकीची जाळी पक्की बसवलेली आहे. प्रत्येक मजल्यावर निदान एक जाळी बिजागरीची हवी, आतून कडी असलेली. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली शेजारच्या खिळ्यावर, अंधारात हाताला लागेल अशी. आमच्या मते या यादीतलं सर्वांत निकडीचं काम हेच.

माणसं आधीच नेमा. एक जण गल्लीच्या तोंडाशी बंबाला वाट दाखवायला, दोघं गाड्या हटवायला, एक मेन स्विचवर, बाकीचे म्हाताऱ्यांना बाहेर काढायला. बाहेर आल्यावर एका ठरलेल्या जागी डोकी मोजा. वर्गणीतून २०० लिटरचे झाकणाचे दोन ड्रम आणि नऊ-नऊ लिटरच्या बादल्या घ्या. कागद, कपडे, लाकूड यांची लहान आग त्यांनी विझते. वीज किंवा तेलाच्या आगीवर मात्र हे पाणी नाही.

सरावासाठी जवळच्या अग्निशमन केंद्रात लेखी विनंती द्या. १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात, तेव्हा प्रात्यक्षिकं होतात. मे महिन्याच्या तोंडावर आपल्याला ते सोयीचंच. देशभरचे अग्निशमन अधिकारी ज्या नागपुरात शिकायला येतात, तिथल्या पोरांनी ही संधी सोडू नये.

प्रश्न : एसी सुरू केला की प्लग गरम होतो, पण एमसीबी पडत नाही. म्हणजे काळजीचं नाही ना? (मानेवाडा)

काळजीचं आहे. एमसीबी जास्त करंट ओळखतो. सॉकेटची पकड किंवा वायरचा स्क्रू ढिला असेल तर करंट तेवढाच राहतो, फक्त त्या जागी उष्णता साठते. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं, आणि एखाद्या रात्री पेट घेतं. एसी आजच बंद करा. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट नवं, १६ अँपिअरचं बसवून घ्या. जळकी वायर चांगल्या टोकापर्यंत कापून एसीसाठी बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची लाईन ओढायला सांगा. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी नकोच. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठ्या क्षमतेचा बसवणं सर्वांत वाईट : मग तो पडण्याआधी भिंतीतली वायर तापते.

कूलरचंही पाहा. पंप बंद पडला आणि पंखा चालूच राहिला, तर ४५ अंशांच्या उन्हात गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या लगेच कोरड्या होतात. मग मोटारीची एक ठिणगी पुरते. पाणी भरताना प्लग काढलेला हवा. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, हवाच. शॉकपासून एमसीबी वाचवत नाही.

प्रश्न : घरात कोणतं अग्निशामक यंत्र ठेवावं?

एबीसी पावडरचं (कागद-लाकूड, तेल आणि गॅस, तिन्ही आगींवर चालणारं), आयएसआय खुणेचं, चार किलोचं. दोन किलोचं आठ-दहा सेकंदांत रिकामं होतं, नवख्याचे निम्मे सेकंद नेम धरण्यातच जातात. ते शेगडीजवळ नको, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर टांगा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहा. थोडं जरी वापरलं तरी पुन्हा भरून घ्या, कारण झडपेत पावडर अडकून दाब निघून जातो.

कढईतलं तेल पेटलं तर यंत्रापेक्षा झाकण बरं. गॅस बंद करा, झाकण बाजूनं सरकवत ठेवा, पूर्ण थंड होईपर्यंत उचलू नका. पाणी ओतलं तर त्याची क्षणात वाफ होऊन पेटतं तेल छतापर्यंत उडतं.

प्रश्न : रात्री गॅसचा वास आला तर आधी काय करावं?

दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालू असेल तर चालू राहू द्या. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलेंडरला टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून खालच्या दारातून वारा जाऊ द्या. एक्झॉस्ट फॅन नको. सगळे बाहेर आल्यावर १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तोही घरापासून दूर जाऊन.